पिस्तुल चपटं, रिव्हॉल्वर फुगीर

स्वसंरक्षण हा माणसाचा निसर्गदत्त अधिकार आहे आणि शस्त्राची निवड हा त्या अधिकारातला सर्वांत गंभीर निर्णय, असं माझं पंचविसाव्या वर्षी ठाम मत होतं. हे मत मी आत्तीला ऐकवलं तेव्हा ती सोप्यात बसून गवारी मोडत होती.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "मग त्या शेंगा इकडं सरकव. आणि शिरा नीट काढ. परवा तू मोडलेली भाजी तुझ्या बापाच्या दातात दोन दिवस होती."

सुपाच्या शेजारी शस्त्रपरवान्याचं पुस्तक पडलं होतं. अर्ज केल्यापासून दोन वर्षांनी ते आलं होतं. त्यात आत्तीचा फोटो होता. त्यात तिचा चेहरा असा होता की जणू फोटोग्राफरनं गृहपाठ केला नव्हता. खाली लिहिलं होतं : एक नग, रिव्हॉल्वर किंवा पिस्तुल. या 'किंवा'वर आमचं घर चार दिवस अडलं होतं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, इंदुमती सरनोबत. सरनोबत म्हणजे सेनापती. घराण्यातलं शेवटचं चालू हत्यार मात्र विळी होतं. आत्ती ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, शिकली आणि गावच्या शाळेत छत्तीस वर्षं बाई होती. शेवटची नऊ वर्षं हेडबाई. या छत्तीस वर्षांत सरकारनं जितक्या निवडणुका घेतल्या त्या सगळ्यांत ती मतदान केंद्रावर बसली होती. कुठली निवडणूक कधी लागणार हे ती पुढाऱ्यांच्या आधी सांगायची. नोकरीभर ती सहावारी नेसली. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून नऊवारी. कारण विचारलं तर म्हणायची, "कमरेला जागा जास्त मिळते." त्या जागेत उजव्या बाजूला तिची चंची खोचलेली असे. पानं, सुपारी, काताची पुडी, चुन्याची डबी आणि एक पितळी अडकित्ता, एवढा ऐवज त्या कापडी चंचीत होता. शाळेत तिनं कधी पान खाल्लं नाही. त्या थकबाकीची वसुली निवृत्तीनंतर चालू होती.

आता शस्त्र कशाला, तर त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आत्ती नदीच्या घाटावर गेली असताना गावच्या कोतवालानं, भैरू मानेनं, वाळूचा ट्रक अडवला. ट्रक धनाजी खोपडेचा होता. धनाजीनं पहारेनं भैरूचा पाय दोन ठिकाणी मोडला. बघणारे सहा जण होते. त्यातल्या पाच जणांचं पुढं एकेक झालं. एकाला आठवलं की आपण त्या दिवशी गावातच नव्हतो. एकाला मोतीबिंदू असल्याचं ध्यानात आलं. उरलेले तिघं एकदमच देवदर्शनाला गेले आणि येताना ट्रॅक्टर घेऊन आले. सहावी आत्ती. भैरू आणि धनाजी दोघंही तिचेच विद्यार्थी, एकाच बाकावरचे.

मग आमच्या दारासमोर वाळूचे ट्रक थांबून हॉर्न वाजवू लागले. एकदा खिडकीची काच फुटली. एकदा आत्ती रस्त्यानं चालली असताना ट्रक इतक्या जवळून गेला की तिच्या खांद्यावरचा पदर ट्रकबरोबर पुढच्या चौकापर्यंत गेला. तेव्हा परवान्याचा अर्ज झाला. आणि आता दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी साक्षीची तारीख होती.

"आक्का, साक्ष राहू दे," दादा, म्हणजे माझे वडील, रोज म्हणत. "तुझ्या साक्षीनं भैरूचा पाय सरळ होणार आहे का?"

"पाय नाही होणार."

"मग?"

"बाकीचं होईल," आत्ती म्हणे आणि सुपारी कातरायला घेई.

बाकीचं म्हणजे काय हे ती सांगत नसे. पण भैरू माने रोज सकाळी कुबडी घेऊन आमच्या दारावरून जायचा, आणि ती हातातलं काम थांबवून तो वळणाआड जाईपर्यंत बघत बसायची, हे आम्ही सगळे पाहत होतो.

तर निवड. रिव्हॉल्वरच्या बाजूनं होते शेजारचे सुभेदार हिंदुराव जगदाळे, पलटणीतून निवृत्त. ते रोज चार वाजता चहाला येत आणि कप रिकामा होईपर्यंत रिव्हॉल्वरचं गुणगान करत.

"बाई, माझं ऐका. पिस्तुल म्हणजे घरजावई. कधी रुसेल नेम नाही. जरा धूळ गेली, गोळी वाकडी बसली, की बसलं अडून! मग ते खेचा, झटका, शिव्या घाला. तोवर दुश्मन घरी जाऊन जेवून येतो. रिव्हॉल्वर म्हणजे बैल. सहा गोळ्या, चाप ओढला की चक्र फिरतं, दुसरी गोळी हजर. काही विचारायचं नाही."

"पण सुभेदार, ते फुगीर असतं," मी म्हणालो. "मधलं चक्र जाडजूड. कमरेला लावलं तर चार कोसांवरून दिसणार. पिस्तुल चपटं. गोळ्या मुठीच्या आत. आणि सहाच्या ऐवजी आठ."

"तू चालवलंयस?"

"वाचलंय."

कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात मी या विषयावर अकरा पानांचा लेख वाचला होता. राज्यशास्त्रात एम.ए. होऊन मी बेकार होतो. जगात मला एवढ्या एकाच विषयाची बाजू घेता येत होती. प्रत्यक्षात मी आयुष्यात एकदाच नेम धरला होता, म्हसोबाच्या जत्रेत, फुग्यावर. लागला तो फुगेवाल्याच्या कंदिलाला.

"लपवून बाळगायचं असेल तर चपटंच," मी ठासून सांगितलं. "त्या लेखात दिलंय, शस्त्र आहे हे शत्रूला कळता कामा नये."

"वन्सं, चपटंच घ्या," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "कपाटात साड्यांखाली बसेल."

"म्हणजे चोर आला की आधी साड्या उपसायच्या," सुभेदार म्हणाले.

आत्ती यातलं काही ऐकत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिनं गवारीचं सूप उचललं आणि उठता उठता एवढंच म्हणाली, "सोमवारी कोल्हापूरला जाऊ. दोन्ही हातात घेऊन बघते."

कोल्हापूरच्या दुकानात चौगुले नावाचे गृहस्थ गादीवर बसले होते. मागच्या भिंतीवर बारा बोअरच्या बंदुका आणि त्यांच्या मधोमध बालाजी. चौगुल्यांनी आत्तीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "काय, सायबांस्नी दाखवू?"

"साहेब गवारी मोडतात," आत्ती म्हणाली. "मला दाखवा."

चौगुल्यांनी एक पिस्तुल आणि एक रिव्हॉल्वर हिरव्या कापडावर मांडलं. "बाई, खरं सांगू का? हे पिस्तुल लई देखणं हाय. पर ह्याचा हा वरला भाग पयल्यांदा मागं खेचाया लागतोय. बायामाणसास्नी जरा जड जातंय ते."

आत्तीनं पिस्तुल घेतलं आणि तो भाग असा खट्कन मागं ओढला की चौगुल्यांनी आपली बोटं आहेत का ती बघितली.

"छत्तीस वर्षं शाळेचं फाटक उघडलंय," ती म्हणाली. "गंजलेलं."

मी खूश झालो. पिस्तुल तिच्या हातात शोभत होतं. मी तिला मासिकातले बाकीचे मुद्दे सांगितले. नळी, वजन, गोळ्या, सेफ्टी. ती मान डोलावत राहिली, मग म्हणाली, "कमरेला लावून बघते."

चौगुल्यांनी सभ्यपणे बालाजीकडं तोंड फिरवलं. आत्तीनं चंची काढून कापडावर ठेवली आणि तिच्या जागी पिस्तुल खोचलं. पदर ओढला, दोन पावलं चालली.

"दिसतंय?"

"अजिबात नाही!" मी म्हणालो. "बघ, मी म्हणत होतो ना."

"हं." तिनं ते काढून ठेवलं आणि रिव्हॉल्वर खोचलं. "आता?"

आता उजव्या कमरेला चांगला टेंगूळ आल्यासारखा फुगवटा दिसत होता. मला तिची कीव आली.

"आत्ती, आंधळ्यालासुद्धा कळेल."

यानंतर तिनं जे केलं त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तिनं रिव्हॉल्वर काढलं आणि कापडावर आपल्या चंचीला चिकटवून ठेवलं. लांबी पाहिली. जाडी पाहिली. चंचीतला अडकित्ता जरा आडवा सरकवला आणि परत पाहिलं. भाजीवाल्याकडं दोन वांगी हातात घेऊन बघावं तसं.

"हेच द्या," ती म्हणाली.

"रिव्हॉल्वर?" मी जवळजवळ ओरडलो. "का?"

"मापाचं आहे."

"कशाच्या मापाचं?"

"गोळ्या किती देऊ बाई?" चौगुले म्हणाले.

"त्या नंतर बघू," आत्ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी एस.टी.त तिच्याशी बोललो नाही. अकरा पानांचा अभ्यास वाया गेला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रांच्या पूजेचा दिवस. आमच्याकडं दरवर्षी विळी, कोयता, पावशी आणि दादांची सायकल यांची पूजा व्हायची आणि ती घरातल्या घरात व्हायची. त्या वर्षी आत्तीनं सोप्यात चौरंग मांडला, रांगोळी काढली, झेंडूच्या माळा सोडल्या आणि मधोमध रिव्हॉल्वर ठेवलं. एका बाजूला विळी. दुसऱ्या बाजूला तिची शाळेतली वेताची छडी, जिच्यापुढं अर्ध्या गावानं हात केले होते. मग तिनं अख्ख्या गावाला प्रसादाचं आवतण दिलं.

"आत्ती, ही लपवायची वस्तू आहे!" मी म्हणालो.

"खंडेनवमीला लपवत नाहीत," ती म्हणाली. "पेढे मोज. दीडशे तरी लागतील."

गाव लोटलं. हळदीकुंकवाला आल्यासारख्या बाया आल्या, पुरुष चपला काढून आत आले. सुभेदार चौरंगाशेजारी स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला बैल आणि घरजावई यांतला फरक समजावत होते. कुंकू इतकं पडलं की दुपारपर्यंत रिव्हॉल्वर लग्न ठरल्यासारखं दिसायला लागलं.

आणि मग धनाजी खोपडेची आई आली. हौसाबाई. सुभेदारांचा बैल मध्येच थांबला. म्हातारीनं वाकून रिव्हॉल्वरला हळद लावली, कुंकू लावलं, आणि विचारलं, "बाई, हे जड आसतंय का वो?"

"उचलून बघा की."

हौसाबाईंनी दोन्ही हातांनी ते उचललं, अंदाज घेतला, घाईनं खाली ठेवलं. "आगं बया! निम्म्या वरवंट्याएवढं हाय!"

"रोज कमरेला बाळगायचं म्हणजे सवय लागते," आत्ती म्हणाली आणि तिच्या हातावर पेढा ठेवला. "धनाजीलाही द्या एक. गोड आवडायचं त्याला."

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर मी एका खासगी नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्याला गेलो आणि मावसभावाकडं तीन आठवडे राहिलो. मुलाखत चार मिनिटांची होती. बाकीचा वेळ मी निकालाची वाट पाहिली. तो अजून आलेला नाही.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी गावात उतरलो तो थेट एस.टी. स्टँडवर. दादांनी यायला नकार दिला होता; ते घरात देवापुढं बसले होते. आत्ती फलाटावर एकटी उभी होती. पांढऱ्या काठाचं नऊवारी, हातात छत्री, आणि उजव्या कमरेला, पदराखाली, तो फुगवटा.



"आत्ती! ते घरी ठेव. कोर्टात नेता येत नाही. गुन्हा आहे."

"शर्ट नीट खोच," ती म्हणाली. "साक्षीला चाललोय, क्रिकेट बघायला नाही."

गाडी गच्च भरली होती, पण आत्ती चढली आणि तिच्यामागं मी चढलो तशी पुढची तीन बाकं रिकामी झाली. माणसं नुसती उठली आणि मागं जाऊन दाटीवाटीनं उभी राहिली. कंडक्टरनं तिकिटं दिली, घुटमळला.

"बाई, मधल्या शिटावर बसता का? चाकावर हादरे लई बसत्यात."

"मला चालतात हादरे."

"तुम्हांस्नी चालत्यात वो," कंडक्टर तिच्या कमरेकडं न बघता म्हणाला. "बाकीच्या प्याशिंजरांचं म्हणतोय."

तालुक्यापर्यंतच्या अठरा किलोमीटरात मी मनातल्या मनात तिच्यावर किती कलमं लागतील ते मोजलं. सात झाली. मला सहआरोपी धरलं तर नऊ. दर खड्ड्याला मी डोळे मिटत होतो. मला घाम फुटला होता. आत्ती खिडकीतून उसाची पिकं बघत होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात धनाजी खोपडे उभा होता. पांढरे कपडे, काळा चष्मा, पाठीमागं तसलेच पाच जण. पलीकडच्या बाकावर भैरू माने कुबडी मांडीवर घेऊन बसला होता. आत्तीला बघून तो उठायला लागला. तिनं हातानंच खाली बसवलं.

धनाजी हसत पुढं आला. त्याची ही पद्धत होती. ज्याला संपवायचं त्याच्या आधी पाया पडायचं.

"बाई, आशीर्वाद द्या," असं म्हणून तो वाकला. वाकता वाकता त्याचं तोंड आत्तीच्या कमरेशी आलं आणि तिथंच थांबलं. माणूस पाया पडताना मध्येच असा अडकलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानं चष्मा जरा वर केला. फुगवटा पाहिला. मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

मी भिंतीला टेकून उभा होतो. मी नुसती मान हलवत होतो, नको, नको, अशी. हे मी त्याला सांगत होतो, आत्तीला की देवाला, मला आजही ठाऊक नाही.

धनाजी पाया न पडताच सरळ झाला.

"बाई," त्याचा आवाज एकदम चौथीतल्या पोरासारखा निघाला, "म्हंजे मी म्हणत हुतो..."

"विचारायचं असेल तर हात वर करून विचार."

मी शपथेवर सांगतो, त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला. मग त्याच्या ध्यानात आलं की मागं पाच माणसं उभी आहेत. त्यानं तो हात तसाच डोक्यावरून फिरवून केस सारखे केले.

"काय न्हाई," तो म्हणाला.

"मग बाजूला हो. उजेड अडतोय."

आरोपी आणि त्याचे पाच जण बाजूला झाले. एकानं दार धरलं.

साक्ष अर्धा तास चालली. आत्तीनं काय पाहिलं ते फळ्यावर लिहावं तसं ओळीनं सांगितलं. ट्रक कुठं होता, पहार कुणाच्या हातात होती, पहिला घाव कुठं, दुसरा कुठं. दुसऱ्या घावाला तिचा आवाज जरा खाली गेला. तेवढंच.

धनाजीचा वकील उठला. "बाई, तुमचं वय एकसष्ट. घाटापासून ट्रक दोनशे फुटांवर. आरोपीचं तोंड पलीकडं होतं. मग आरोपीला ओळखलंत कसं?"

"चालण्यावरून."

"चालण्यावरून? तसं तर कुणीही चालेल."

"नाही चालणार. चौथीत असताना खोड्या केल्या की मी त्याला पुढं बोलवायची. तेव्हा तो डावा खांदा पाडून, तिरका तिरका यायचा. त्या दिवशी भैरूकडं तो तसाच गेला." ती वळली. "धनाजी, जरा चालून दाखव रे."

"हरकत!" वकील ओरडला. पण तोवर आरोपीच्या पिंजऱ्यात धनाजी खोपडेनं डावा खांदा पाडून एक पाऊल टाकलं होतं. न्यायाधीशांनी ते पाहिलं, रुमाल काढला आणि बराच वेळ नाक पुसलं.

बाहेर आलो तर भैरू माने व्हरांड्यात उभा होता. त्यानं हात जोडले. मग म्हणाला, "बाई, हजर."

"हजर," आत्ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. ते तिनं छत्री उघडून झाकले. ऊन नव्हतं.

कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर ती बसली, मोठा श्वास सोडला आणि उजव्या कमरेला हात घातला.

"आत्ती! इथं नको काढू!"

तिनं चंची काढली. अडकित्ता काढला. सुपारी कातरायला लागली. कमर सपाट झाली होती.



"रिव्हॉल्वर कुठाय?"

"ठाण्यात."

"कुठल्या?"

"पोलीस ठाण्यात. पंचायत समितीची पोटनिवडणूक लागली ना, आचारसंहिता आली. परवान्याची सगळी शस्त्रं जमा करायची नोटीस येते. दसरा झाल्यावर तिसऱ्याच दिवशी देऊन आले." तिनं पानाला चुना लावला. "दसऱ्याच्या आसपास लागणार हे मला श्रावणातच ठाऊक होतं. तेव्हाच मतदार याद्या दुरुस्त व्हायला लागल्या होत्या."

"म्हणजे कोल्हापुरात तू..."

"चपटं घेतलं असतं तर चंचीशी मेळ बसला नसता. लोकांना एकदा डोळ्यांनी दाखवायचं होतं, एकदा हातानं उचलायला लावायचं होतं. पुढचं काम फुगवटा करतो."

"पण धनाजीला कळलं असतं तर? नोटिशीचं?"

"त्याला कोण कळवणार? नोटीस परवानेवाल्यांना येते. त्याच्याकडं आहे ते बिनपरवान्याचं."

मी चहा प्यायलो. मग मला राग आला. "मला का नाही सांगितलंस? वाटेत माझा जीव जायचा राहिला होता. मी घामानं भिजलो, कोर्टात उभं राहता येईना, आणि तू..."

आत्तीनं पानाचा विडा करून तोंडात टाकला आणि माझ्याकडं, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, कौतुकानं पाहिलं.

"तुला सांगितलं असतं तर तू तसा घाबरला असतास का? माझी कमर बघून धनाजीला नुसता संशय आला होता. तुझं तोंड बघून खात्री पटली." ती थांबली. "एम.ए.चा उपयोग झाला बघ."

त्यानंतर मला नोकरी लागली, लग्न झालं, केस गेले. पण कुणाच्या खऱ्या उपयोगी पडलो म्हणावं असा दिवस शोधायला बसलो की मी त्या व्हरांड्यातल्या भिंतीशी येऊन थांबतो.

धनाजी खोपडेला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यानं अपील केलं, ते अजून चालू आहे. दारासमोरचे हॉर्न बंद झाले. भैरू मानेनं कुबडी सोडून काठी घेतली आणि कोतवालकीवरून रीतसर निवृत्त झाला. आत्ती आता सत्त्याऐंशीची आहे. दात गेले, त्यामुळे सुपारी खलबत्त्यात कुटून घेते. चंची अजून उजव्या कमरेला असते आणि गावातली नवी पोरं तिला वाट देतात.

पोटनिवडणूक संपल्यावर आत्तीनं मला जमा पावती घेऊन ठाण्यात पाठवलं होतं. पावती तीन आठवडे चंचीत होती. एका बाजूनं तिला चुना लागला होता, दुसऱ्या बाजूनं कात. हवालदारानं ती उजेडाकडं धरली, उलटी केली, वास घेतला.

"नंबर कुठाय?"

"इथं होता," मी बोट दाखवलं.

"मूळ पावती आणा."

"ही मूळच आहे."

त्यानं ती पावती दोन बोटांत धरून मला परत दिली. आम्ही दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केला. अर्ज वर गेला तोवर जिल्हा परिषदेची निवडणूक लागली, ती झाल्यावर सोसायटीची, मग विधानसभेची.

रिव्हॉल्वर अजून ठाण्यातच आहे.